नागनाथचा पहिला नंबर

"सिटाचं टोक बोटभर खाली घे," असं म्हणत नागनाथच पाना घेऊन गुरुपादय्याच्या सायकलीपाशी उकिडवा बसला. बसताना तोंडातून कण्हणं निघालं, ते त्यानं खोकून झाकलं.

मंठाळच्या नाक्यावर, कडुलिंबाखाली अकरा सायकली उभ्या होत्या. सगळ्या काळ्या, दांडीच्या, मागे कॅरियर लावलेल्या. कुणाची दुधाची, कुणाची शाळेला जायची, एक टपालाची. इथून नागनाथच्या गावापर्यंत चौदा किलोमीटर, तेही मुरमाच्या वाटेनं, दोन ओढे आणि लाल खडकाचा एक चढ ओलांडून. शर्यत संपायची ती थेट जत्रेतल्या रथापुढं. जो पहिला येईल त्यानं रथाच्या चाकावर नारळ फोडायचा, मगच रथ हलायचा. ही प्रथा काही देवाच्या काळातली नव्हती. गावातले धान्याचे व्यापारी शिवशंकरप्पा यांना तरुणपणी सायकलीचं वेड होतं, त्यांनी सहासष्ट साली ती जत्रेत घुसवली. रथ खोळंबतो म्हणून म्हातारे पहिली दोन वर्षं कुरकुरले, मग तेच सगळ्यांत पुढे जागा धरून बसायला लागले.

नागनाथनं चाक दाबून पाहिलं आणि थोडी हवा सोडली. टणक चाक दगडावर उडतं आणि बसणाऱ्याचं कंबरडं मोडतं, हे त्यानं गुरुपादय्याला मागच्या वर्षीही सांगितलं होतं. गुरुपादय्या तिशीचा, शाळामास्तर, तीनदा पहिला आलेला. पोरगा मनानं चांगला होता.

"अण्णा, तुमी समद्यायला शिकवताव, आन सोता दुसरंच येताव. कामून?"

नागनाथ नुसता हसला. या प्रश्नाला तो अठरा वर्षं हसतच आला होता.

नागनाथ मलेरियाचा माणूस. सरकारी दवाखान्यातून सकाळी निघायचं, दिवसाला तीन-चार गावं करायची, दारोदार 'ताप आलता का कुनाला' म्हणून विचारायचं, आला असेल त्याच्या बोटातून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि भिंतीवर तारीख लिहून पुढच्या दाराला लागायचं. एकवीस वर्षं हेच. त्यातली अर्धी सायकलीवर गेली. त्यामुळे सायकलीवर सुखानं कसं बसावं, याचं त्याचं एक शास्त्रच तयार झालं होतं. सगळा भार सिटावर टाकायचा नाही, थोडा हातांना द्यायचा, थोडा पायांना. खडकाळ वाट आली की बूड अलगद उचलायचं. सिटाच्या चामड्याला दर आठवड्याला एरंडेल चोळायचं. त्याच्या विजारीची आतली शिवण बायकोनं, कोंडाबाईनं बाहेरून घेतली होती, म्हणजे मांडीला काचत नाही. उलटी विजार घातली म्हणून लोक हसले, आणि नंतर चार जणांनी तशाच शिवून घेतल्या.

पण शेवटी शरीर ते शरीर. दोन वर्षांपासून त्याला बसण्याच्या जागी गळू व्हायचं, फुटायचं, पुन्हा व्हायचं. डॉक्टरांनी सांगितलं, नासूर झालाय, कापावा लागेल, आणि नंतर सायकलीला हात लावायचा नाही. दवाखान्यातच टेबलाशी बसून काचांवर नंबर टाकायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं म्हणून कोंडाबाई त्याला चिडवायची, आणि रात्रीचा शेक देताना तिचेच डोळे भरून यायचे. ऑपरेशनची तारीख जत्रेनंतरची होती. म्हणजे ही शेवटची शर्यत.

दुसरं येण्याचं कारण असं. नागनाथचे वडील नरसिंग हे पिढीजात चालत आलेलं एक काम करायचे, रथ थांबवायला चाकाखाली लाकडी पाचर घालण्याचं. चाकाखाली बोटं गेलेले दोन चुलते घरात होते. सत्तावन साली त्यांच्या गल्लीनं बुद्धाचा धम्म घेतला आणि नरसिंगनं ती पाचर चावडीपुढं टाकून दिली. घरी येऊन सतरा वर्षांच्या पोराला त्यांनी एवढंच सांगितलं, त्या चाकापुढं हात जोडायचे न्हाईत आन नारळबी फोडायचा न्हाई. नागनाथनं होकार दिला होता. दिलेला शब्द मोडणाऱ्यांतला तो नव्हता, आणि तो मोडावा असं त्याला वाटतही नव्हतं.

पहिल्याच शर्यतीत तो सगळ्यांच्या फर्लांगभर पुढे होता. शिवेवर आला, रथाचा कळस दिसला आणि नारळाची आठवण झाली. त्यानं उतरून साखळी पडल्याचं सोंग केलं. एक जण पुढे गेल्यावर पुन्हा सायकलीवर बसला. नंतर कधी साखळी, कधी पायात गोळा, कधी उगाचच वेग कमी. अकरा वेळा दुसरा, बाकीच्या वर्षी त्याहून मागं. गाव म्हणायचं, नागनाथच्या कपाळावर दोनच लिहिलंय. मग भाग कशाला घ्यायचा, असं कोंडाबाई विचारायची. त्याचं म्हणणं, वर्षातून तेवढा एक दिवस ही सायकल आपली असते. त्या दिवशी ती कुणाच्या दारात तापाची चौकशी करायला थांबत नाही.

गेल्या श्रावणात नरसिंग वारले. त्यानंतर भिंतींवर तारखा लिहीत हिंडताना नागनाथच्या मनात एक गोष्ट घोळायला लागली. बापानं नारळ फोडू नको म्हटलं होतं, पहिला येऊ नको असं कुठं म्हटलं होतं? पहिलं यायचं, रथापुढं उभं राहायचं, आणि नारळ पुढे केला की सगळ्या जत्रेदेखत नाही म्हणायचं. इतकी वर्षं जे साखळीआड लपवलं, ते एकदा तोंडानं बोलायचं. वाक्यसुद्धा ठरलं होतं. मी पैला आलो, पर नारळ फोडणार न्हाई, आमचा धम्म येगळा हाय. सायकलीवर बसून त्यानं ते शंभरदा म्हटलं असेल.

कोंडाबाई घाबरली. "ऱ्हाऊ द्या की. इतकी वर्सं गेली."

"गेली म्हनूनच," तो म्हणाला.

शिट्टी झाली. पहिला ओढा ओलांडेपर्यंत नागनाथ मागच्या घोळक्यात राहिला. बसवत नव्हतंच, तो जवळजवळ उभ्यानंच पायडल मारत होता. दुसऱ्या ओढ्यात टपालवाला पडला, दोघं त्याच्यावर पडले. लाल खडकाच्या चढाला गुरुपादय्या उतरून सायकल ढकलायला लागला. नागनाथ उतरला नाही. एकदा उतरलो तर पुन्हा टांग टाकता येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. विजार मागून ओली झाली होती, घामानं की कशानं ते त्यानं पाहिलं नाही. चढ संपला तेव्हा पुढे कुणी नव्हतं.

शिवेवर कळस दिसला आणि त्याचे पाय सवयीनं थांबले. सायकल दहा-बारा हात आपोआप गेली. इथंच, याच बाभळीशी तो दरवर्षी मागं पडत आला होता. मग त्यानं दात खाऊन पायडल दाबलं.

हलगी वाजली. लोकांनी खरोखर आनंदानं आरडाओरडा केला, हे कुणी नाकारू नये. त्याला उतरवायला चार हात आले. शिवशंकरप्पांनी स्वतः त्याच्या गळ्यात हार घातला, पितळी पेला हातात दिला, पाठ थोपटली. साठीतल्या त्या माणसाचे डोळे पाणावले होते. नागनाथनं श्वास सावरला आणि रथाकडे तोंड केलं. पुजारी ताटात नारळ घेऊन चाकापाशी उभा होता. नागनाथनं घसा साफ केला.

पुजारी त्याच्याकडे बघतच नव्हता. तो त्याच्या खांद्यावरून वाटेकडे बघत होता.

"बैस रे नागनाथ, लई दमलास," शिवशंकरप्पा मायेनं म्हणाले. "नारळाचं गुरुपाद बघंल. यायलाय त्यो."

नागनाथला क्षणभर कळलंच नाही. "पैला मी आलो न्हवं?"

"तूच की. पेला तुझाच हाय."

"आन मागं, पैल्या वर्सी मी पैला आलो असतो तर?"

शिवशंकरप्पा किंचित अवघडले, पण खोटं बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. "तवाच ठरल्यालं की पंचात. तुमच्यातला कुनी आला तर पेला त्याला आन नारळ दुसऱ्याला. तुलाबी कशाला अवघड, देवालाबी कशाला." ते अगदी समजुतीच्या सुरात बोलत होते.

तेवढ्यात गुरुपादय्या आला. पुजाऱ्यानं नारळ त्याच्या हातात दिला. मास्तरानं एकदा नागनाथकडे पाहिलं, हातातल्या नारळाकडे पाहिलं, आणि मान खाली घालून तो चाकावर फोडला. दोर ताणले गेले, रथ कुरकुरत हलला, गर्दी त्याच्यामागे निघून गेली. कुणी नागनाथचा अपमान केला नव्हता. कुणी वाईट शब्द बोललं नव्हतं. अठरा वर्षं जी गोष्ट आपण सोडली असं तो समजत होता, ती त्याच्यापुढं कधी येणारच नव्हती.

कोंडाबाई गल्लीच्या तोंडाशी, देवळापासून लांब उभी होती. गळ्यातला हार बघून तिचा जीव आधी भांड्यात पडला आणि मग पुन्हा वर आला.

"बोललाव का?"

नागनाथनं पेला तिच्या हातात दिला.

"कुनी इचारलंच न्हाई," तो म्हणाला, आणि हार काढायला हात वर केला, पण गाठ मागं होती, त्याला सोडता येईना. तिनं पेला काखेत धरला आणि गाठ सोडायला घेतली.