नऊ दिवसांची सरळ रेघ

वैष्णवीने ती वस्तू दप्तरातून काढून बाकावर ठेवली, तेव्हा दहावीच्या वर्गाला आधी वाटलं, नवी कंपासपेटी आणली असेल. मग तिने झाकण उघडलं. आत पडदा, आणि पडद्याखाली तुरीच्या डाळीएवढी बटणं, ए पासून झेडपर्यंत सगळी. पुण्याच्या सुरजमामाने स्वतःला नवा घेतला आणि जुना भाचीला देऊन टाकला. फोन नव्हे, अख्खा कॉम्प्युटर. शाळेच्या लॅबमध्ये जे जे चालतं ते सगळं त्यात चालत होतं, आणि लॅबमध्ये जे कधीच चालत नाही तेही.

मधल्या सुट्टीत त्या बाकाभोवती ही झुंबड. आम्रपाली तेवढी आपल्या जागेवर डबा खात बसली. बघायला जायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. पण मान ऐकेना.

आता तिचं दुखणं समजायचं तर एवढं सांगायलाच हवं. शाळेत कॉम्प्युटर म्हटलं की आम्रपालीचंच नाव निघायचं. लॅबमध्ये चालू यंत्रं चार, एकेकावर सहा मुली, तरी कीबोर्ड कुणाकडे असा प्रश्न कधी पडला नाही. दहा बोटांनी, खाली न बघता टाइप करणारी ती एकटी. शिवाय गेल्या चौदा एप्रिलला विहारासमोर एवढ्या माणसांपुढे कागद न धरता बोलली, तेव्हापासून तर ती कुणाला आवरेना. आठवीपर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी पोरगी, आता सरांचा प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन मोकळी होत होती. आणि अशात ही कंपासपेटी आली. वैष्णवी तिच्यावर करत काय होती? तर गाड्यांची शर्यत खेळत होती. गाढवाला गुळाची चव काय, असं आम्रपाली डब्याला म्हणाली.

इथवरही चाललं असतं. पण तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आलं.

शाळेतून एकच प्रयोग गेवराईला जायचा होता, आणि तो आम्रपालीचा होता. तिची आई अंजली तलवाड्याच्या शिवारात रेशमाच्या अळ्या पाळते. तुतीच्या रानाला लागून शेड आहे, त्यात बांबूचे मजले आणि मजल्यांवर अळ्या. त्या शेडच्या भिंतीवर आम्रपालीने थर्मामीटर टांगला होता. जुलैपासून रोज सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत, आणि बॅच निघाली की कोषांचं वजनही वहीत. शेड किती गरम झाली की कोष हलका पडतो, हे तिला दाखवायचं होतं. गेवराईत परीक्षकांपुढे काय बोलायचं, तेसुद्धा तिने तुतीला पाणी देताना झाडांना दहा वेळा ऐकवलं होतं.

विज्ञानाचे भागवत सर वही चाळून खूश झाले. मग त्यांची नजर वैष्णवीच्या बाकाकडे गेली आणि त्यांना कल्पना सुचली. वहीतले आकडे त्या छोट्या कॉम्प्युटरवर भरायचे, आलेख काढायचा आणि परीक्षकांना तळहातावर दाखवायचा. अशी गोष्ट तालुक्यात कुणाकडे नसणार. दोघींनी जायचं. वैष्णवी यंत्र धरेल आणि बोलेल. आम्रपालीने अळ्यांचा ट्रे धरायचा.

"सर, वही माझी हाय," आम्रपाली म्हणाली.

"म्हणून तर ट्रे तुझ्याकडं," सर म्हणाले. "तिला अळ्यांची किळस येती."

वर्ग हसला. वैष्णवीही हसली. आम्रपाली घरी येईपर्यंत तोच तो एक शब्द चघळत राहिली. ट्रे. चार महिने पहाटे डोळे चोळत थर्मामीटर कुणी बघितला? आणि आता ट्रे धरायचा, लग्नात पानसुपारीचं तबक धरतात तसा.

रविवारी दुपारी वैष्णवी यंत्र घेऊन आली. ओढणी नाकाला लावून शेडच्या दारातच थांबली. तिला माजलगावला आतेबहिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. यंत्र तुझ्याकडेच ठेव, संध्याकाळी नेते, म्हणाली.

"पडलं-बिडलं तर?" आम्रपालीने विचारलं.

"पडू दे गं. मामा दुसरं देईल."

ती गेली, पण ते वाक्य आम्रपालीच्या उरात बाभळीच्या काट्यासारखं रुतून बसलं. वस्तू नसण्याचं दुःख तिला माहीत होतं, त्याची सवय होती. पण एखाद्याकडे वस्तू असावी आणि ती पडली तरी चालावी, हे तिच्या डोक्यात मावेना.

तिने हात धुतले, ओढणीला पुसले, परत धुतले. तुतीच्या बांधावर सावलीत बसून झाकण उघडलं. आधी तर फजितीच झाली. दहा बोटं त्या बटणांवर ठेवली, तर एका बाजेवर दहा पाहुणे झोपवल्यासारखी बोटं एकमेकांना ढकलू लागली. एक दाबावं तर तीन उमटावीत. ज्या बोटांचा शाळेत डंका होता, ती इथे अडाणी ठरली. बरं झालं, बघायला फक्त तुतीची झाडं होती. मग तिने वैष्णवीची नक्कल केली. यंत्र दोन्ही तळहातांवर आडवं धरलं आणि नुसते अंगठे चालवले. पंधरा मिनिटं अंगठे चाचपडले, अर्ध्या तासाने पळू लागले.

आणि मग तिला ते आवडलं. इतकं आवडलं की राग आला. लॅबमधला कॉम्प्युटर टेबलाला बांधलेला, त्याच्याकडे आपण जायचं. हा आपल्यासोबत बांधावर येऊन बसला होता. त्याचं पोट ताज्या भाकरीसारखं कोमट. कान लावला तर आत बारीकसा पंखा फिरताना ऐकू यायचा. मधे बोराच्या बीएवढं एक बटण होतं, त्यावर बोट नुसतं कललं की पडद्यावरचा बाण हवा तिथे जायचा. अक्षरं मात्र एवढाली, मुंगीच्या पायासारखी. ती डोळ्यांजवळ धरून वाचताना तिला वाटलं, हे यंत्र फक्त माझ्याशी कुजबुजतंय. वैष्णवीच्या घरी ते गाद्यांच्या ढिगावर पडलेलं असणार. इथे असतं तर मी त्याला झबलं शिवलं असतं.

चार वाजेपर्यंत सगळी वही आत गेली. तिने आलेख काढला. पडद्यावर निळी रेघ उमटली. वर चढली, खाली आली, सप्टेंबरात जरा डुलली. बघता बघता आम्रपालीचा चेहरा फुलला. आपली वही अशी दिसते तर! आणि मग ऑक्टोबरात ती रेघ एकदम सरळ झाली. नऊ दिवस पट्टी धरून मारावी तशी सरळ. त्यानंतर परत डुलू लागली.

यंत्र बिघडलं, हा पहिला विचार. तिने वही उघडली. सव्वीस, सव्वीस, सव्वीस. सकाळी सव्वीस, संध्याकाळीही सव्वीस.

तेव्हा तिला आठवलं. दसऱ्याला ती वडिलांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीला गेली होती, तिथून मावशीकडे. अळ्या सोडून आईला निघता येईना, म्हणून आकडे लिहायचं काम तिच्यावर टाकलं होतं. आईने एकही लिहिला नाही. हात आत घातला की कळतं मला, आकडे कशाला, म्हणाली. मग आम्रपालीने पुस्तकात अळ्यांसाठी जे चांगलं तापमान दिलं होतं ते नऊ दिवस एका बैठकीत लिहून टाकलं. प्रयोगवही सगळे तशीच पूर्ण करतात, शाळा सुटल्यावर, एकाच पेनाने. वहीत ते कधी दिसलं नसतं. या मेल्या कंपासपेटीने अर्ध्या सेकंदात दाखवलं.

आकडे बदलायला दोन मिनिटं पुरली असती. इथे पंचवीस, तिथे अठ्ठावीस. अंगठे बटणांवर गेलेसुद्धा. पण मग एक दुसराच विचार आला, आणि तो तिला गुळासारखा गोड लागला. राहू दे. बोलणार कोण आहे? वैष्णवी. परीक्षक विचारणार कुणाला? वैष्णवीला. बोलू दे तिला.

संध्याकाळी वैष्णवीने आलेख पाहिला, लई भारी केलंस म्हणाली आणि यंत्र घेऊन गेली. पुढचे पाच दिवस ती सुट्टीत भाषण पाठ करत होती. अळी कात कधी टाकते, शेडला ओली पोती का लावतात, सगळं आम्रपालीला विचारत होती. आम्रपाली सगळं सांगत होती. तेवढं एक सोडून.

प्रदर्शनात त्यांच्या टेबलापुढे पोरांची रांग लागली, आणि ती अळ्यांसाठी नव्हती. परीक्षक विजयमाला मॅडम आल्या. वैष्णवी घडाघडा बोलली, एक शब्द चुकली नाही. मॅडमनी चष्मा वर करून ते यंत्र हातात घेतलं, कौतुक केलं आणि रेघेवरून बोट फिरवत ऑक्टोबरवर थांबल्या.

"नऊ दिवस पाराही हलला नाही?"

आम्रपालीने ट्रे घट्ट धरला. हाच तो क्षण. वैष्णवी गडबडेल, डोळ्यांत पाणी आणेल.

वैष्णवी गडबडली नाही. "हे आकडे आम्रपालीचेत, मॅडम," ती म्हणाली. "तिनं लिवलंय म्हणजे तसंच आसंल. ती चुकत न्हाई."

एवढं बोलून तिने निवांतपणे आम्रपालीकडे पाहिलं. आम्रपालीचे कान तापले. या बयेला आपल्यावर एवढा विश्वास ठेवायला कुणी सांगितलं होतं?

"ते खोटेत, मॅडम," आम्रपाली म्हणाली. "मी गावाला गेलते. आल्यावर मनानंच लिवले."

मॅडमनी यंत्र खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. मग प्रश्न सुरू झाले. सव्वीसच का? बाकीचे दिवस कशावरून खरे? त्या बॅचचं वजन किती भरलं? आम्रपाली उत्तरं देत गेली. हातात ट्रे, ट्रेमध्ये अळ्या पाला कुरतडतायत, आणि ती बोलतेय. तिला हवं होतं ते सगळं मिळालं: परीक्षक, वेळ, ऐकणारे लोक. वैष्णवी मात्र बाजूला उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती.

नंबर आला नाही. ते नऊ दिवस रिकामे ठेवले असते तर मी विचार केला असता, एवढं मॅडम सरांना सांगून गेल्या.

परतीच्या जीपमध्ये भागवत सर पुढे बसले. मागे दोघी. वैष्णवी खिडकीबाहेरचा ऊस बघत होती.

"रेघ बघितल्यावर तुला त्या दिशीच कळलं व्हतं?" तिने विचारलं.

खोटं बोलायला वाव होता. "कळलं व्हतं," आम्रपाली म्हणाली.

"मग मला कावून न्हाई सांगितलं?"

आम्रपाली मांडीवरच्या ट्रेमधला पाला सारखा करू लागली.

"मला बोलायचंच नव्हतं," वैष्णवी म्हणाली. "लोकांपुढं बोलायचं म्हणलं की भ्या वाटतं मला. तू सरांकडं गेली आसतीस तर मी म्हणणार व्हते, हिलाच बोलू द्या. तू तर नुसती गाल फुगवून बसलीस."

ती परत उसाकडे वळली. मांडीवर ते यंत्र झाकण मिटून पडलं होतं आणि तिचा एक हात त्यावर सहज विसावला होता, धरल्यासारखा नाही, नुसता ठेवलेला. एवढं होऊनही आम्रपालीची नजर त्या हाताकडे परत परत गेलीच. हेवा काही मेला नव्हता. त्याच्या शेजारी आता फक्त लाजही येऊन बसली होती.

तलवाडा यायला अजून वीस मिनिटं होती. एवढ्या लोकांपुढे न अडखळणारी पोरगी, शेजारी बसलेल्या एका मुलीला काय म्हणावं ते जुळवत राहिली. दोन वाक्यं जुळवली, दोन्ही खोडली. मग न जुळवताच तोंड उघडलं.

"वैष्णवे," ती म्हणाली, "जळत व्हते मी तुज्यावर. पयल्या दिसापास्नं."

वैष्णवीने मान वळवली नाही. पण ती ऐकत होती, म्हणून आम्रपाली पुढे बोलत राहिली.