मिस्टर चिंगोचे डोळे

माल्सून या नावाचा अर्थ शेवटची मुलगी. चार मुलींनंतर आईवडिलांनी कंटाळून ते ठेवलं, आणि खरोखरच तिच्या पाठीवर मुलगा झाला, दोसिक. म्हणून घरात तिचा पायगुण चांगला मानत. दोसिक शिकला, लॉस एंजेलिसला गेला, तिथे त्यानं कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान टाकलं. माल्सून सोलमध्येच राहिली. लग्न केलं नाही. अठरा वर्षं ती कार्टूनची चित्रं काढत होती.

कार्टून अमेरिकेचं, हात कोरियाचे. तिकडून मुख्य चित्रं येत: एकात पात्राचा हात खाली, दुसऱ्यात वर. त्या दोहोंमधली दहा-बारा चित्रं खालून दिवा लावलेल्या काचेवर कागद ठेवून माल्सून आणि तिच्यासारख्या चाळीस जणी काढत. आवाज मात्र येत नसे. कुठल्या चित्रात तोंड किती उघडायचं, त्याचे आकडे तेवढे येत. पात्रं काय बोलतात हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नसे.

१९९१ साली त्यांच्याकडे एका अमेरिकन कुटुंबाची मालिका होती. ढेरपोट्या बाप, आई, तीन पोरं, कुत्रा. शेजारी कपडे धुणारा मिस्टर चिंगो. पिवळा चेहरा, पुढे आलेले दोन दात, डोळ्यांच्या जागी दोन तिरप्या रेघा, आणि कंबरेतून सारखं वाकणं. माल्सूनचा हात त्याच्यावर इतका बसला होता की चिंगोचे सगळे कागद तिच्याच टेबलावर येत.

"ताई, तुमचं बरं आहे," शेजारची मिरान म्हणायची. "आम्ही बुबुळं काढून काढून आंधळ्या होणार, तुमचं दोन फराट्यांत काम."

"हा चिनी असेल का गं?"

"जपानी. दात बघा की."

मग दोघी हसत. तो आपल्यापैकी असेल असं कुणाच्या मनातही येत नसे.

भाचीच्या, हेजिनच्या, दहाव्या वाढदिवसाला माल्सूननं रंगवलेला चिंगो पाठवला होता, खाली सही करून. त्यावर काही उत्तर आलं नाही. टपालात गहाळ झालं असेल, असं तिनं धरून चाललं.

जुलैत वडिलांच्या श्राद्धाला दोसिक हेजिनला घेऊन आला. श्राद्धाच्या आदल्या दिवशी माल्सून भाचीला मोठ्या हौसेनं कामावर घेऊन गेली. चाळीस बायकांनी पोरीचे गाल ओढले, कुणी बिस्किटं दिली. माल्सून काचेपाशी बसली आणि तिनं सरसर चिंगो काढून दाखवला.

"हा तू काढतेस, आत्या?"

"मग? हजारो वेळा काढलाय. तुला पाठवला होता, मिळाला नाही का?"

"मिळाला."

"आवडला नाही?"

हेजिन कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हा कसा बोलतो, माहितेय तुला?"

"आम्हाला आवाज येत नाही गं."

तेव्हा हेजिननं वरचे दात ओठांवर काढले, बोटांनी डोळे ताणले, कंबरेतून वाकली आणि 'र'चा 'ल' करत नाकातून बारीक आवाज काढला. "कलतो, मालक, कलतो. लागावू नका, मालक."

मिरान खुदकन हसली, आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला.

"मी वर्गात उत्तर द्यायला उठले की मागून कुणीतरी असं म्हणतं," हेजिन सरळ होत म्हणाली. "दुकानात मोठी माणसंपण म्हणतात. पप्पा हसतात."

"तो हसतो?"

"गिऱ्हाईक असतं ना." मग म्हणाली, "तुझं चित्र मी पलंगाखाली ठेवलंय. आई म्हणाली, आत्यानं काढलंय, भिंतीला लाव. मी नाही लावलं."

माल्सूननं समोरचा कागद उचलला, चुरगळला, आणि ठेवायचा कुठे ते न सुचून मुठीतच धरून बसली. अठरा वर्षं ती फक्त तोंड किती उघडायचं तेवढंच बघत आली होती.

विमानतळावर निरोप घेताना तिनं हेजिनला बाजूला घेतलं. "मी त्याला डोळे देते."

"तुला देऊ देतील?"

"हात माझाच आहे ना. नोव्हेंबरात गावच्या जत्रेचा भाग लागेल, तो बघ."

ऑगस्टभर तिनं ते केलं. जत्रेच्या प्रसंगात चिंगोची दोनशे चौदा चित्रं होती. प्रत्येकात तिनं दात आत घेतले, पाठ सरळ केली आणि डोळे काढले. दोसिकचे डोळे, डाव्या पापणीखाली वळी असलेले. मिराननं पाहिलं, पण ती बोलली नाही.

सप्टेंबरात योम साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. सगळं काम त्यांच्या नजरेखालून जायचं, पण जत्रेची चित्रं गेली त्या आठवड्यात ते आजारी होते. टेबलावर तिचीच चित्रं परत आलेली होती.

"माल्सूनबाई, हे काय आहे?"

"डोळे आहेत."

"ते दिसतंय मला. तिकडचे विचारतायत, हा माणूस कोण. ओळखूच येत नाही म्हणे."

"ते खरंच असेल, साहेब."

"परत काढा."

"मी नाही काढणार."

योम साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मला तो आवडतो असं वाटतं तुम्हाला? पण बाहेर चाळीस जणी आहेत. उद्या हे काम मनिलाला गेलं तर त्यांना काय सांगू?"

"मग दुसऱ्या कुणाला द्या."

त्यांनी ते मिरानला दिलं. मिराननं मान वर न करता तीन दिवसांत दोनशे चौदा चिंगो काढले. शेजारी माल्सूनला कागदांवरचे पेन्सिलीचे डाग खोडायला बसवलं होतं. दोघींचं भांडण झालं नाही, पण डबा त्या वेगवेगळ्या खाऊ लागल्या.

हेजिनला कळवायला हवं होतं. दर रविवारी माल्सून फोन लावायची, हवापाणी विचारायची, या वर्षी किमचीचं लोणचं कसं जमलं ते सांगायची, आणि तेवढंच राहायचं बोलायचं. पोर विचारायची, "नोव्हेंबरात ना, आत्या?" आणि ही "हो" म्हणायची.

नोव्हेंबरात एका सकाळी दोसिकचा फोन आला.

"ताई, काल हेजिननं वर्गातल्या तीन मुलींना घरी बोलावलं होतं. चिंगो माझ्या आत्यानं काढलाय म्हणाली, आज तो वेगळा दिसेल."

"मग?" माल्सूननं विचारलं.

"मी दारात उभा होतो. टीव्हीवर चिंगो आला, वाकला. मुली हसल्या."

"आणि ही?"

"हीसुद्धा हसली. मग उठून त्याचा आवाज काढून दाखवला तिनं. फार हुबेहूब काढते गं. मुलींनी टाळ्या वाजवल्या."

"तिला दे फोन."

"येत नाही म्हणते."

"दोसिक, मी काढले होते रे डोळे. खरंच काढले होते. तुझे काढले होते."

"सांगतो तिला," दोसिक म्हणाला. तो तिला दोष देत नव्हता, आणि तेच तिला सहन होईना.

तिनं पत्र लिहिलं. चित्रं परत आली ते, आपण नाही म्हटलं ते, आणि फोनवर तोंड उघडवलं नाही ते, सगळं. चित्र मात्र एकही घातलं नाही.

नव्या वर्षाला कार्ड आलं. इंग्रजीत. माल्सूनला वाचता येईना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती मिरानच्या टेबलापाशी गेली. बऱ्याच महिन्यांनी. मिराननं डबा सरकवून तिला जागा केली आणि कार्ड हातात घेतलं.

"नवीन वर्षाच्या शुभेच्छा, एवढंच आहे," ती म्हणाली. "खाली हेलन लिहिलंय. हेलन कोण, ताई?"

"माझी भाची."

मिराननं कार्ड उलटून पाहिलं. मागं काही लिहिलेलं नव्हतं.