चीडच्या रानातली माती

"इथं मशीनखाली पुरचुंडी होती, ती कुठाय?" मी विचारलं.

"पिवळ्या फडक्यातली?" माझी बायको अनुसूया तांदूळ निवडत होती. "त्यात सुम्ने, नुसती माती होती. सुतक फिटलं त्या दिवशी घरातलं सगळं कापड धुतलं, अल्वा? तेव्हा माती मोरीत सांडली नि फडकं धुतलं. का हो?"

"काही नाही," मी म्हणालो.

सुतक फिटलं की आमच्यात चिंधीसुद्धा पाण्यातून काढतात. त्यात शिंप्याचं घर. बिचारी दिवसभर कपडे धोपटत होती. ती माती कसली ते तिला ठाऊक नव्हतं, आणि त्या दिवशी कोण कुणाला काय सांगणार?

आमचा मुलगा नागराज लांब कुमाऊंच्या डोंगरात, चीडच्या, म्हणजे पाइनच्या रानात नोकरीला होता. संक्रांतीला म्हैसूरला आला तेव्हा चीडचा एक मिटलेला शंकू आणि ती पुरचुंडी घेऊन आला. म्हणाला, "आप्पा, बी कुठंही उगवतं. पण ह्या मातीतली बुरशी मुळांना लागली नाही तर रोप पिवळं पडून मरतं. उगवलं की ही घाला." मी हसलो होतो. आमच्या कापडाला बुरशी लागली की गिऱ्हाईक जातं, आणि तिथं म्हणे झाड जगतं.

त्या रानात सुयांसारखी पानं घोट्यापर्यंत साचतात, उन्हाळ्यात एक ठिणगी पुरते, हेही त्यानंच सांगितलेलं. वैशाखात ती पडली. नागराज वणवा विझवायला गेला, तो परत आला नाही.

मला रडू आलं नाही. ते येईल, येईल म्हणून वाट पाहिली. बन्नूरच्या गिऱ्हाइकाचे लग्नाचे कपडेसुद्धा वेळेवर शिवून दिले. मग एका दुपारी इस्त्रीच्या धगीनं शंकू उघडला आणि बिया पडल्या. त्या कुंडीत पेरल्या. दोन रोपं वर आली, तेव्हा मी पुरचुंडी शोधायला गेलो.

महिन्याभरात रोपं पिवळी पडायला लागली. अनुसूया कुंडीपाशी बसून होती.

"ह्यांना काय झालं हो? नागूची आहेत. जगायला पाहिजेत."

"आपलं ऊन सोसत नाही त्यांना," मी म्हणालो.

"हौदा? असं होय?" म्हणत ती आत गेली. तेच पिवळं फडकं आणून तिनं चार काड्यांवर सावलीला बांधलं. "आता जगतील."

फडकं स्वच्छ निघालं होतं. नुसतं फाडलेलं, कडांचे दोरे सुटत होते. मी ते सोडवून मशीनवर घेतलं, चारही कडा दुमडून टीप मारली, आणि तिला परत बांधायला दिलं.