शेजारचा ब्रेक

ती गाडी शिकवायची. तिच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. शिकणारा गांगरला की ती तो दाबायची आणि म्हणायची, "घाबरू नका. गाडी थांबलीय, जग नाही बुडालं." अकरा वर्षांत तिने निम्म्या वस्तीला स्टिअरिंग धरायला शिकवलं. घरात मात्र तिची डाळ कधी शिजली नाही.

नवऱ्याच्या गाडीत बसली की सवयीने तिचा पाय रिकाम्या मॅटवर दाबला जाई. "तिथे ब्रेक नाहीये, मॅडम!" नवरा म्हणायचा आणि सगळे हसायचे. तीही हसायची. न हसून करते काय?

नवरा वाईट नव्हता, हीच तर खरी गोची. ना व्यसन, ना आरडाओरडा. माहेरी जाऊन सांगावं असं काहीच नाही. हा फक्त ठरवून मोकळा व्हायचा. सोफ्याचा रंग त्याने ठरवला, लेकीची शाळा त्यानेच ठरवली. आणि गेल्या महिन्यात, ती डबा भरत असताना, तिच्या पाठीला म्हणाला, "पुरे झालं आता तुझं ते शिकवणं. घराकडे बघ जरा. गाडी विकून टाकू." डब्याचं झाकण काही केल्या लागत नव्हतं. "हं," ती म्हणाली. झाकणाला म्हणाली की त्याला, हे तिचं तिलाही ठाऊक नाही. त्याने मात्र तो होकार धरला.

मग रोज ती आज बोलेन, उद्या बोलेन करत राहिली. बघता बघता शनिवार उजाडला. त्याची गाडी गॅरेजात होती, म्हणून बाजारातून येताना तो तिची चालवत होता. ती शेजारी, नऊ वर्षांची लेक मागे. पाचला गिऱ्हाईक येणार होतं.

गल्लीत वळल्यावर फाटकाशी गिऱ्हाईक उभंच दिसलं. आता नाही बोलले तर मेलेच, असं तिला वाटलं. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. पाय मात्र ब्रेकवर गेला.

गाडी हिसका देऊन बंद पडली. नवऱ्याने पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. "ऐन वेळी हिला काय झालं?" तो वैतागला.

"बाबा," लेक मागून हळूच म्हणाली, "आईचा पाय."

त्याने खाली पाहिलं. "अगं, पाय काढ."

"नाही काढवत," ती म्हणाली. "मला नाही विकायची. मी मरेन हो इथे, नुसती घरात बसून."

इतकं सरळ ती आयुष्यात बोलली नव्हती. तो काच खाली करून गिऱ्हाइकाला म्हणाला, "बघितलंत? दुसरा ब्रेकही एकदम टकाटक आहे!" गिऱ्हाईक खूश होऊन हसलं. नवऱ्याने वाकून तिचा गुडघा धरला आणि वाटेतली पिशवी सरकवावी तसा पाय बाजूला केला. गाडी आत गेली.

पुढच्या रविवारी, तिची गाडी विकून झाल्यावर, सगळे नवऱ्याच्या गाडीतून निघाले. पहिल्याच वळणावर तिचा पाय मॅटवर दाबला गेला.

"तिथे ब्रेक नाहीये, मॅडम!"

तो एकटाच हसला. तिने पाय उचलला नाही, घर येईपर्यंत दाबूनच ठेवला.