रुरकी

पोलंडमधल्या राडोम शहरात, बसथांब्याजवळ माझी टपरी होती. तिथे मी रुरकी विकायचे. आमच्या भाषेत रुरका म्हणजे नळी, रुरकी म्हणजे नळ्या. पण टपरीवर मागितल्या की क्रीम भरलेली कुरकुरीत बिस्किटंच हातात पडायची. माझा धाकटा भाऊ काझिक घालायचा त्या तंग पॅंटलाही रुरकीच म्हणायचे. ती त्याने स्वतःच शिवली होती.

शनिवारी दुपारी तो मला मदत करायला आला. समोरच्या बांधकामावरून लेशेक आणि त्याचे दोन मित्र आले.

“काय रे, बहिणीची पॅंट घालून फिरतोस?” लेशेक म्हणाला.

“तुझ्या ढेरीवर चढत नाही म्हणून जळतोस होय?”

मी खळखळून हसले. मी हसायला नको होतं.

लेशेकचा चेहरा लाल झाला. “माझ्याकडेपण आहे रुरका. बघ.” त्याने जॅकेटमधून पाण्याच्या पाइपाचा तुकडा काढला.

पहिला फटका कोपरावर बसला. दुसरा गळ्यावर. काझिक खाली कोसळला, गळा ओरबाडू लागला. तोंडातून रक्ताचा फेस येत होता, आवाज नव्हता. मित्र पळाले. लेशेकने पाइप पुन्हा उगारला.

मी बिस्किटांचा तापलेला साचा उचलून त्याच्या हातावर दाबला. कातडी साच्याला चिकटून आली. पाइप पडला. तो मी उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर हाणला. हाड मोडल्याचं ऐकू आलं, तरी हाणत राहिले. शेवटी बसच्या ड्रायव्हरने मला मागून आवळून धरलं.

इस्पितळात डॉक्टर बाहेर आले. “गळ्यात रुरका घातलाय.”

मी किंचाळले. डोळ्यांपुढे तो पाइपच आला. नर्सने हाताला धरून मला आत नेलं. काझिकच्या गळ्याला भोक पाडून बोटाएवढी धातूची नळी बसवली होती. तिच्यातून तो श्वास घेत होता.

लेशेकला चार वर्षांची शिक्षा झाली, मला दीड वर्षाची. त्याचा पाय पुन्हा सरळ झाला नाही. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.

तुरुंगात काझिक भेटायला आला. नळीवर बोट दाबून घोगऱ्या आवाजात म्हणाला, “ताई, जेवतेस ना नीट?”

“तू गप बस, आधी श्वास घे.”

तो हसला. बोट निसटलं आणि नळीतून अशी शिट्टी वाजली, की पहारेकरीण धावत आली.