माझ्यावर लिहिलेली ओळ

मित्रांनो, ही गोष्ट २०१७ सालची. त्या वर्षी मला कायमचे काढून टाकायचे ठरले होते, आणि त्याच वर्षी मी एका हाताच्या उपयोगी पडले.

मी एक जुनी आज्ञावली आहे. आज्ञावली म्हणजे संगणकाने काय करायचे ते त्याला सांगणारे लिखाण. मी एका मोठ्या भांडारात राहते. काही संगणकांवर अशी कार्यप्रणाली असते की तिचे सारे लिखाण जगाला उघडे असते. कुणीही वाचावे, वापरावे, सुधारून दुसऱ्याला द्यावे. तिच्यासाठी हजारो माणसांनी केलेल्या आज्ञावल्या या भांडारात आपापल्या पुडक्यांत बांधून ठेवलेल्या असतात. त्या पुडक्यांना पॅकेज म्हणतात. प्रत्येक पॅकेजवर त्याचे नाव असते आणि आत काय आहे ते सांगणारी एक ओळ असते. गरजवंताने शब्द टाइप केला की भांडार तो शब्द नावांत आणि ओळींत शोधते. पुडके सोडून आत डोकावत नाही. हे नीट ध्यानात ठेवा, माझे सगळे नशीब यातच अडकले होते.

मला घडवले ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. त्याच्या आईचे आयुष्य टेलिफोनच्या कचेरीत गेले होते. म्हातारपणी तिचा उजवा हात थरथरू लागला. दुपारी संगणकावर पत्ते खेळणे हा तिचा एकच षोक, पण उचललेला राजा मध्येच गळून भलत्याच पानावर पडायचा.

“हा माऊस माझ्याशी भांडतो रे,” ती म्हणायची.

कामावरून आला की तो बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा आणि मला लिहायचा. माझे काम चहाच्या गाळणीसारखे होते. हाताला जिकडे जायचे आहे ती हालचाल खाली जाऊ द्यायची आणि थरथर वर अडवून ठेवायची. ज्या दिवशी राजा पहिल्यांदा आपल्या जागी जाऊन बसला, त्या दिवशी आईने मान वळवून विचारले, “आज याला समज कुणी दिली?”

“मीच दिली,” तो म्हणाला, आणि मग बूट काढायला उठला.

असे हात आणखीही घरांत असतील, म्हणून त्याने मला भांडारात ठेवले. नाव दिले ‘चिऊ’, कारण लहानपणी त्याच्या आईला घरात त्याच नावाने हाक मारत. आणि ओळीच्या जागी त्याने इंग्रजीत लिहिले, ‘माझ्या आईसाठी’. बस, एवढेच. त्याच्या मनात दुसरे काही नव्हतेच. मी कुठल्या विभागात बसते हेही त्याला सुचले नाही, तेव्हा मला ‘किरकोळ’मध्ये टाकले.

पुढे ती माउली गेली. त्यानंतर माझ्याकडे पाहणे त्याला जमेना. भांडार सांभाळणाऱ्यांनी विचारले, “हिची देखभाल कोण करणार?” उत्तर आले नाही. ज्या पॅकेजला सांभाळणारा उरत नाही, त्याला भांडारात अनाथ म्हणतात. हा शब्द माझा नाही, मित्रांनो, तिथला रोजच्या कामातलाच आहे. वर्षे गेली. माझ्या शेजारची, आकाशातले तारे दाखवणारी आज्ञावली लोक सारखी मागून न्यायचे. माझ्या दाराशी कुणी आले नाही. शेवटी सूचना लागली, की भांडाराच्या पुढच्या आवृत्तीत न वापरल्या जाणाऱ्या अनाथांना जागा नाही.

त्याच सुमारास दुसऱ्या एका गावात एक बाई दुरुस्त न झालेला एक फोटो परत द्यायला लिफाफ्यात घालून तो चिकटवत बसली होती. ती जुने फोटो दुरुस्त करायची. आधी बारीक कुंचल्याने, नंतर संगणकावर. भिंतीला लागून तिचे टेबल, वर वाकडा दिवा, बाजूला फाटक्या, डागाळलेल्या फोटोंचे खोके. आता तिचाही हात थरथरत होता. बेकरीवाल्याने त्याच्या गेलेल्या बायकोचा एकुलता एक फोटो दिला होता. पाकिटात घडी घालून ठेवल्याने बरोबर चेहऱ्यावरून पांढरी चीर गेली होती. तिने चिरेवर माऊस नेला की तो घसरून नाकावर जायचा.

“आई, परत करून टाक,” औषधांच्या दुकानात काम करणारा तिचा मुलगा म्हणाला. “किती दिवस त्या बिचाऱ्याला ताटकळत ठेवणार?”

तिने आजवर हाती घेतलेले काम परत केले नव्हते. हे एक परत केले की टेबलच आवरायचे, असे तिने मनाशी ठरवले होते. बेकरीवाला शनिवारी यायचा होता. हा शुक्रवार होता.

शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणारी तिची सून मात्र गप्प बसणारी नव्हती. सासूचा संगणक जुना झाला तेव्हा तिनेच त्यावर ही उघडी कार्यप्रणाली घातली होती. ती भांडारात शोधत बसली.

“काय टाकलंस?” सासूने विचारले.

“थरथर.”

“मग?”

“पडदा थरथरवणारा एक खेळ आला.”

“तो नको. ते मला फुकट जमतं.”

“हात टाकला, तर हस्ताक्षराचं काहीतरी आलं. माऊस टाकला, तर त्याचा रंग बदला, वेग बदला, चित्र बदला. तुमच्या दुखण्याचं कुणी नावच काढत नाही.”

सासूबाई चष्मा पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या. “अगं, तू आजार शोधतेस. असली कटकट कुणी आजारासाठी करत बसतं होय? माणूस बसतो तो कुणासाठी तरी. माझ्याकडे येतात त्यांचंच बघ ना. फोटोला चीर गेलीय, असं आधी कुणी म्हणत नाही. ‘ही माझी बायको’ म्हणतात. चिरेचं मागाहून. तू आई टाकून बघ.”

“आई?”

“टाक. नाही निघाली तर सासू टाक.”

सून हसली. भांडारातले लिखाण बहुतेक इंग्रजीत, म्हणून तिने इंग्रजीतून ‘मदर’ टाइप केले. पडदा भरून गेला.

“ह्या सगळ्या मदरबोर्डच्या,” ती म्हणाली.

“ही कोण?”

“संगणकाच्या आतली मुख्य पाटी असते.”

“असू दे बाई तिला. खाली बघ.”

आणि अगदी तळाशी मी होते. चिऊ. माझ्या आईसाठी.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझे पुडके सोडले. आतले लिखाण वाचता वाचता सून पुढे सरकत गेली, आणि तिने मला संगणकावर उतरवून घेतले. पण गंमत अशी की मला एकाच हाताची सवय. लिफ्टवाल्याच्या आईची थरथर बारीक आणि भरभर होती, या बाईंची संथ आणि रुंद. पहिल्या झटक्यात मी चुकीचेच अडवले आणि माऊस जागचा हलेना.

“ही तर माझ्याहून म्हातारी आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“थांबा, तिला तुमच्या हाताची ओळख होऊ द्या.” सुनेने माझी मापे थोडी थोडी बदलली. सासूबाई रेघा ओढत राहिल्या. वाकड्या, मग कमी वाकड्या. मग एक रेघ सरळ आली, आणि सासूबाईंनी लगेच बेकरीवाल्याचा फोटो पडद्यावर घेतला.

त्या दुपारी आम्ही तिघींनी ती चीर बुजवली. कपाळ झाले, नाक झाले. गालावर चिरेच्या कडेला एक काळा ठिपका होता. “हा डाग पुसायचा ना?” सुनेने विचारले. सासूबाईंनी चित्र मोठे करून बराच वेळ पाहिले. “डाग नाही. तीळ आहे. अर्धा घडीत गेलाय.” आणि उरलेला अर्धा तीळ त्यांनी स्वतःच्या हाताने भरला. मी फक्त तो हात धरून होते.

शनिवारी बेकरीवाला आला. हाताला अजून पीठ होते म्हणून त्याने फोटो कडेनेच धरला. म्हणाला, “हा तीळ मी विसरलो होतो.” मग तो स्टुलावर बसला, आणि सुनेने त्याला पाणी आणून दिले.

लिफाफा फाडून टोपलीत गेला. टेबल आवरले गेले नाही.

रविवारी सुनेच्या लक्षात आले की माझ्यापुढे ‘अनाथ’ लिहिले आहे आणि मला काढून टाकायची तारीख जवळ आली आहे. प्रयोगशाळेतल्या शेकडो बाटल्यांना चिठ्ठ्या लावणारी बाई ती. “बाटलीवर ‘आईसाठी’ लिहून ठेवलं तर आत काय आहे ते कसं कळायचं?” ती कुरकुरली, आणि भांडारवाल्यांना कळवले की हिला मी सांभाळते. मग माझ्या पुडक्यात सापडलेल्या पत्त्यावर तिने लिफ्टवाल्यालाही विचारले, ओळ बदलू का. त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले: ‘हवी तशी बदला. माझी ओळ मात्र कुठेतरी असू द्या.’

म्हणून आता माझ्यावर लिहिले आहे, ‘थरथरत्या हातांसाठी माऊस स्थिर करते’. माझा विभागही बदलला. मला सुधारायला दूरदूरची माणसे हात लावतात.

सासूबाईंनी पुढे कितीतरी वर्षे फोटो दुरुस्त केले. शेवटी नजरेने साथ सोडली तेव्हा त्यांनी टेबल स्वतः आवरले, कुणाच्या सांगण्यावरून नाही. आता त्या नाहीत. त्यांचा स्वतःचा फोटो सुनेनेच नीट केला. मुलगा अजून औषधांच्या दुकानात आहे, आणि थरथरत्या हाताने चिठ्ठी पुढे करणाऱ्या प्रत्येकाला माझे नाव सांगतो. बेकरीवाल्याने दुकान मुलीकडे सोपवले, फोटो तिथेच भट्टीच्या वर लावलेला आहे. लिफ्टवाला निवृत्त झाला. मध्यंतरी त्याने माझ्यातली एक जुनी चूक दुरुस्त करून पाठवली आणि सोबत लिहिले, आता माझाही हात हलू लागला आहे. सून मला अजून सांभाळते.

मित्रांनो, तुम्ही काही चांगले घडवाल, तेव्हा ते कशाच्या उपयोगी पडते हे त्यावर लिहायला विसरू नका. शोधणारा तुमच्या मनात शिरून पाहू शकत नाही, त्याच्याकडे फक्त त्याच्या अडचणीचा शब्द असतो. आणि कधी कशाला सांभाळायला कुणी नाही असे दिसले, तर थोडे दिवस तरी तुम्ही सांभाळा.

माझे पुडके सोडलेत तर सगळ्या सूचना संपल्यावर तळाशी ती जुनी ओळ दिसेल. शोधायला तिचा काही उपयोग नाही. तेवढी मात्र पुसू नका.