कर्ण्यातला हात

मी हॉर्न आहे. बोलायला बसलोय, तर नीट ऐका. मला दोनदा सांगायची सवय नाही.

हॉर्न म्हटलं की लोक गाडीकडे बघतात. मी तो नव्हे. मी वाद्य आहे. पितळेची लांबलचक नळी, दोराच्या वेटोळ्यासारखी गुंडाळलेली. एका टोकाला अंगठा मावेल एवढं तोंड, तिथे ओठ लावायचे. दुसऱ्या टोकाला रुंद कर्णा, वादकाच्या मांडीपाशी मागे वळलेला. कळा डाव्या हाताने दाबायच्या आणि उजवा हात कर्ण्याच्या आत घालायचा. हात आत असला की माझा आवाज गोल येतो, झाकलेला, लांबून आल्यासारखा. हात काढला की सूर चढतो आणि आवाज उघडा पडतो. पितळी वाद्यं पुष्कळ आहेत, पण वाजताना माणसाचा हात पोटात घेणारा मी एकटाच.

मला घडवणारा कारागीर अबोल होता. त्याने पत्रा तापवला, लाकडी हातोड्याने ठोकला, पुन्हा तापवला. कर्णा तयार झाल्यावर त्याने आत हात घालून पाहिला. मग हात बाहेर काढला आणि साबणाने धुतला. पहिल्या दिवशीच मला ते खटकलं. मी स्वच्छ होतो.

माझा पहिला धनी नाटकगृहाच्या वाद्यवृंदात होता. सगळे त्याला वस्ताद म्हणत. तो मुळात ट्रम्पेटवाला. तरुणपणी पियानोचं झाकण त्याच्या उजव्या हातावर पडलं. हाडं जुळली, पण करंगळी अनामिकेवर चढून बसली ती कायमची. ट्रम्पेटच्या कळा उजव्या हाताने दाबतात आणि तिसरी कळ अनामिकेची असते. त्याचं ते बोट सुटंच होईना. ट्रम्पेट पलंगाखाली गेला आणि वस्तादने मला उचललं. माझ्या कर्ण्यात बोटं मिटलेलीच लागतात. तिथे त्याच्या हाताचं काही अडलं नाही.

लोक म्हणायचे, वस्तादने हॉर्न नाइलाजाने धरला. साफ खोटं. नाइलाजाने धरलेला हात मी ओळखतो.

वर्षानुवर्षं तो हात माझ्यात राहिला. घामाने आतली झिलई गेली, मग पितळही झिजलं. कर्ण्यात त्याच्या हाताची जागा झाली. उजेडात धरलंत तर दिसेल, पंजा आणि एकावर एक चढलेली दोन बोटं.

तो गेला तो तालमीत, भर दुपारी. हॉर्नवाल्याच्या वाट्याला वाट बघणंच जास्त असतं. बाकीचे वाजवत असतात, आपण मनात मात्रा मोजायच्या. वस्ताद खुर्चीला टेकून मोजत होता. ओठ माझ्यापासून दूर होते, हात आत होता. आमची जागा आली. सूर लागला, मोठा, स्वच्छ. वाद्यवृंद चालवणाऱ्याने मान डोलावली. तालीम संपली, लोक वाद्यं पुसायला लागले, वस्ताद उठला नाही. डॉक्टर म्हणाले, जाऊन बराच वेळ झालाय, तो सूर लागायच्या कितीतरी आधीच. कर्ण्यातून हात सोडवायला दोन माणसं लागली.

तो सूर कुणी लावला, मला विचारू नका. मी पितळ आहे. माझ्यातून वारा गेला, एवढं मी सांगू शकतो.

शेजारच्या खुर्चीवर त्याचा शागीर्द बसला होता. वस्तादचे ओठ माझ्यावर नव्हते हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तो पुढे संगीतशाळेत शिकवायला लागला. मुलं त्याला सर म्हणतात. वारशाने मी त्याच्याकडे आलो. त्याने मला पेटीत घातलं, पेटी वर्गाच्या कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. शाळेत दुसरा एक हॉर्न होता, मुलं त्याच्यावर शिकायची. पत्रा पातळ, आवाज भसाडा. कपाटाच्या दारातून मला सगळं ऐकू यायचं. ऐकत पडलो.

मग बारकी आली.

बारकी म्हणजे शाळेतली शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. अंगाने काडी, म्हणून घरीदारी हेच नाव. वाद्य ट्रम्पेट, लहानपणापासून. तिला कधीही पाहिलं तरी हातात ट्रम्पेट असायचाच म्हणतात. शहराच्या बँडमधला म्हातारा ट्रम्पेटवाला निवृत्त होत होता. त्या एका जागेसाठी उन्हाळ्यात चाचणी होती, आणि ती जागा पुन्हा कधी रिकामी होईल याचा भरवसा नव्हता. तिला तेवढंच हवं होतं. पण शाळेचा नियम असा की शेवटच्या परीक्षेत दुसरं पितळी वाद्यही वाजवून दाखवायचं, नाहीतर नापास, आणि नापास मुलीला बँड दारात उभं करत नाही. तिने हॉर्न निवडला. तेवढ्यात शाळेचा तो भसाडा हॉर्न कुणीतरी जिन्यावरून पाडला. त्याचं डबडं झालं. सरांचा नाइलाज झाला. कपाट उघडलं.

सरांनी तिला एकच ताकीद दिली. हात फार आत घालायचा नाही, कडेला ठेवायचा. तिने कारण विचारलं. जुनं वाद्य आहे, एवढंच ते म्हणाले.

पहिले काही आठवडे नुसती करमणूक. ट्रम्पेटवाल्याला माझ्याकडे आलं की पाय उलटे बसवल्यासारखं होतं. ट्रम्पेटचे सूर ऐसपैस बसतात. माझे सूर चाळीतल्या खोल्यांसारखे एकमेकांना चिकटून. ओठ जरा घसरला की माणूस शेजाऱ्याच्या दारात. तिचा डावा हात अडाणी, कळा चुकायचा. आणि उजवा हात माझ्या आत, काही काम नसताना, जुन्या सवयीने ट्रम्पेटच्या कळा दाबत राहायचा. प्रत्येक सुराला आतून टकटक. मला गुदगुल्या व्हायच्या.

“तुझ्या उजव्या हाताला कुणीतरी सांगा, तो निवृत्त झालाय,” सर म्हणाले.

“सांगितलं सर. तो म्हणतो, पेन्शन किती?”

सर हसले. मीही हसलो असतो, पण माझ्या पोटात पाणी साठलं होतं. वाजवणाऱ्याचा श्वास आत गार होतो, त्याचं पाणी होतं. मला उलटंपालटं करून ते काढावं लागतं. तिने काढलं. फरशीवर थारोळं झालं. तिने सरांना विचारलं, एवढं कसं, मी तर दोनच ओळी फुंकल्या. सरांनी फडकं टाकलं.

टकटक एका सकाळी थांबली. तिचा हात सरकला, आत गेला आणि वस्तादच्या जागेत बसला. मऊ मातीत पाऊल बसावं तसा. करंगळी हळूच अनामिकेवर चढली. तिने फुंकलं, आणि मी जो आवाज दिला तो कित्येक वर्षांनी दिला.

सर शेजारच्या खोलीत होते. ते आले आणि दारातच उभे राहिले.

“शेवटच्या सुराआधी श्वास घेतलास. तिथे कुणी घेत नाही, एकच माणूस घ्यायचा. कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. हात सांगतो.”

सरांनी मला तिच्या मांडीवरून उचलून पेटीत ठेवलं आणि तास संपला म्हणाले. तास अर्धाही झाला नव्हता.

पण परीक्षा जवळ आली होती, आणि ती मला घरी न्यायला लागली. तिची आई हातमोजे शिवते. खोलीभर कातड्याचे तुकडे, खिडकीखाली शिलाई मशीन, भिंतीला टांगलेले जोड. लोकांचे हात हातात घेऊन तिचं आयुष्य गेलेलं. लेकीसाठी दर थंडीत एक जोड ती शिवते. त्या रविवारी तिने तो पुढे केला. डावा मोजा बसला. उजवा बसेना. दोन बोटं एकाच घरात शिरायला बघत होती.

आईने तिचा हात खिडकीशी धरला. बोटं वेगळी केली. सोडली, की करंगळी पुन्हा वर.

“दुखतं का?”

“नाही गं. सवय लागलीय.”

“बारके, हा हात मी तुझ्या जन्मापासून धुतलाय. हा तुझा नाही.”

बारकी हसली आणि म्हणाली, आई, तू पण काय. मग तिने ट्रम्पेट उचलला. सोपी धून घेतली. तिसऱ्या कळेपाशी अनामिका उठेना. पुन्हा घेतली. पुन्हा तिथेच. मी कोपऱ्यात पेटीत होतो. ट्रम्पेटचा तोच तुटका सूर मी ऐकत राहिलो. मग तिने ट्रम्पेट खाली ठेवला. आईचं मशीनही बंद होतं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी शाळेत आल्या. आईने सरांपुढे मुलीचा हात ठेवला. सरांनी तो पाहिला. मग सगळं सांगितलं, वस्तादचं झाकण, तालीम, तो सूर. म्हणाले, चूक माझी, कुलूप उघडायला नको होतं. हॉर्न इथेच ठेव, वर्षभर ट्रॉम्बोन शीक, पुढच्या वर्षी परीक्षा दे.

“आणि बँडची जागा?” बारकीने विचारलं.

आई म्हणाली, जागा गेली खड्ड्यात, हात राहू दे.

बारकीने माझ्याकडे पाहिलं. पेटीकडे नव्हे, माझ्याकडे. असं कुणी मला कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, “परीक्षा मी ह्याच्यावरच देणार. पण हात बाहेर ठेवून.”

सरांनी समजावलं की हाताशिवाय सूर चढेल. ती म्हणाली, नळी ओढून लांब करीन, सूर उतरेल. आवाज उघडा पडेल, म्हणाले. पडू दे, म्हणाली, पास होण्यापुरता बास आहे. तेव्हापासून तिने मला उजव्या मांडीवर टेकवून वाजवलं, हात बाजूला लोंबता. मी कर्कश ओरडायचो. अपमान होता तो. जिच्यासाठी मी माझा सगळ्यात चांगला आवाज काढला, तिने मला रस्त्यावरच्या भोंग्यासारखं वाजवावं? पण तिची करंगळी उतरायला लागली होती, हेही मी पाहिलं. खोटं मी सांगत नाही.

परीक्षेच्या दिवशी खोलीत मोठ्या खिडक्या होत्या, ऊन फरशीवर. लांब टेबलामागे तीन परीक्षक. बाहेरच्या व्हरांड्यात सरांनी मला दोन्ही हातांनी धरलं आणि कर्ण्याशी वाकले. आत फार हळू बोलले.

“वस्ताद, पोरीला सोडा. तुमच्या पाया पडतो.”

मी ऐकलं. आणखी कुणी ऐकलं का, मला ठाऊक नाही.

बारकी खुर्चीवर बसली. उजवा हात तिने गुडघ्यावर उताणा ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने विचारलं, हात? ती म्हणाली, दुखावलाय. नळी ओढून घेतली, श्वास घेतला, आणि फुंकलं.

आवाज गोल आला. झाकलेला, लांबून आल्यासारखा.

ती दचकली. मला ते जाणवलं, कारण तिचा श्वास कापला. पण ती थांबली नाही. नळी लांब केलेली, त्यात हा झाकलेला आवाज, त्यामुळे सूर उतरायला हवा होता. उतरला नाही. कुणीतरी ओठांच्या जोरावर सूर जिथे हवा तिथे धरून ठेवत होतं. शेवटच्या सुराआधी तिने श्वास घेतला नाही. आपल्या छातीच्या दमावर तो सूर तिने सलग नेला. आणि तरी तिथे, त्या जागी, श्वास घेतल्याचा आवाज आला. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला. खिडकीजवळच्या बाई परीक्षकांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

ती वाजवून थांबली. हात गुडघ्यावर तसाच, उताणा, बोटं पाची सुटी.

मुख्य परीक्षकाने तिला थांबवून घेतलं. म्हणाला, असा हॉर्न मी या शहरात ऐकलेला नाही, नाटकगृहात जागा आहे, उद्यापासून या, ट्रम्पेटचं सोडा. मोठा माणूस होता. त्याच्या शब्दाला वजन होतं. मी वाट पाहिली. माझ्यासारख्याने कुणाची वाट पाहणं शोभत नाही, तरी पाहिली.

“ते मी वाजवलेलं नाही,” बारकी म्हणाली. “माझं वेडंवाकडं असेल, पण मला माझंच वाजवायचंय.”

त्याला वाटलं ती विनय दाखवतेय. तिने मला सरांच्या हातात दिलं आणि हात पुसला.

उन्हाळ्यात ती बँडच्या चाचणीला गेली. जागा तिला मिळाली. संध्याकाळी बागेत बँड वाजतो तेव्हा वारा इकडचा असला तर तिचा ट्रम्पेट मला ऐकू येतो. तिसरी कळ स्वच्छ सुटते. आवाज अजून कच्चा आहे, पण तिचा आहे. मी माणूस असतो तर कबूल केलं नसतं. मी पितळ आहे, म्हणून सांगतो, बरं वाजवते.

मी कपाटात आहे. सर आता थकले, किल्ली कधी खिळ्याला टांगलेली राहते, कधी कुलपातच. मला मोडीत घालू नका. कुणी तरी शिकायला घ्या. नवखा चालेल, अडाणी चालेल. मला फार काही लागत नाही. ओठ हवेत आणि कळांना डावा हात हवा.

उजव्याची सोय आहे.